दुकान वाढवण्यात आले आहे

"तराजू घेऊन दारात उभा होता," शैलाताई म्हणाल्या. "भंगारवाला. म्हणतो, ताई, तार सुटी देणार का बंडलासकट?"

"मग द्यायची. तांब्याला भाव आहे सध्या," बापू कातकाडे म्हणाले.

"बापू, मी तार विकत नाही. मी मोटारीत तार भरते."

"अहो, गंमत केली."

"मला वाटलं तोही गंमतच करतोय. हाकलला तर म्हणाला, माझ्यावर कशाला ओरडता, पुस्तकात आलंय."

त्यांनी पिशवीतून पुस्तिका काढली आणि आमच्यापुढे उघडून ठेवली. पान सत्तेचाळीस. पुस्तिका मीच तयार केलेली, त्यामुळे न बघताही मला पान कळलं.

एप्रिल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. नाशिकरोडला, जेलरोडवर, रेशन दुकानाच्या माडीवर आमच्या नागरिक मंचाचं ऑफिस होतं. बापू मंचाचे अध्यक्ष. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचो, म्हणून लिहिण्याची कामं माझ्याकडे. त्या वर्षी आम्ही परिसर मार्गदर्शिका काढली होती. गिरणी, दवाखाना, नळवाला, शिंपी, तिरडीचं सामान, बँडवाला, कोण कुठे आहे आणि त्याचा फोन काय, एवढंच. पाडव्याला पाच हजार घरांत फुकट वाटली. लोकांनी कोपऱ्याला भोक पाडून, सुतळी ओवून ती फोनशेजारी टांगली. मोबाइल नव्हते. पुस्तिकेत आहे तो आहे, नाही तो नाही.

पान सत्तेचाळीसवर काळ्या चौकटीत एकच वाक्य होतं:

मोटार वाइंडिंगचे निष्णात कारागीर कै. निवृत्ती दोंदे यांचे दुकान त्यांच्या पश्चात वाढवण्यात आले आहे.

"माझं दुकान बंद झालंय असं लिहिलंय हे," शैलाताई म्हणाल्या. "मला परवापर्यंत माहीत नव्हतं."

"तसंच लिहिलंय ना," बापू म्हणाले. "वाढवलं म्हणजे बंद केलं. शुभ बोलावं म्हणून. नारळ फोडला म्हणत नाही आपण, वाढवला म्हणतो. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली..."

बापू थांबले. शैलाताईंच्या हातात बांगड्या नव्हत्या.

"बोला की," त्या म्हणाल्या. "ते कळतं मला, बापू. गिरणीवाला रोज संध्याकाळी म्हणतो, चला, दुकान वाढवतो. पण तो सकाळी उघडतो."

हसायला हवं होतं. कोणी हसलं नाही.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "पाडव्याआधी आठवड्याला सात-आठ मोटारी यायच्या. पाडव्यापासून दोन आल्या. त्यातली एक माझ्या भावाची. लोक मला रस्त्यात थांबवून हात हातात घेतात. म्हणतात, बरं केलंत, बायामाणसाचं काम नाही ते. सोसायट्यांच्या मोटारी सगळ्या पलीकडे स्टेशनकडे चालल्यात. आणि शेठ अक्षय्य तृतीयेला येणार आहे."

शेठ म्हणजे सोनगिरे, गाळ्याचे मालक. गाळ्याचा करार निवृत्ती दोंदेंच्या नावावर होता. डिसेंबरात छातीत कळ येऊन ते गेले, तेव्हा सोनगिऱ्यांनी तेराव्याला सगळ्यांसमोर शब्द दिला होता: अक्षय्य तृतीयेपर्यंत गिऱ्हाईक टिकवून दाखव, कागद तुझ्या नावाने करतो. नाही टिकलं तर गाळा खाली कर. उन्हाळा हाच या धंद्याचा हंगाम. विहिरीचं, बोअरचं पाणी खाली जातं, पंप कोरडा फिरतो, आतली तार जळते. दोंदेंचं वर्ष या दोन महिन्यांत निघायचं. आमची पुस्तिका नेमकी हंगामाच्या तोंडावर घरोघर गेली होती.

अक्षय्य तृतीयेला अकरा दिवस होते.

"चूक दुरुस्त करा," शैलाताई म्हणाल्या.

बापूंनी कपाटातून प्रुफांची फाइल काढली. आमची पद्धत होती, छापायच्या आधी प्रत्येकाला त्याचा मजकूर दाखवायचा आणि खाली सही घ्यायची. भांडणं नकोत म्हणून. बापूंनी पान सत्तेचाळीसचं प्रूफ त्यांच्यापुढे सरकवलं. खाली निळ्या शाईत सही होती. शैला नि. दोंदे.

"ही सही कोणाची?" बापूंनी विचारलं.

शुद्धिपत्र १. वर 'बापूंनी फाइल काढली', 'बापूंनी प्रूफ सरकवलं' आणि 'बापूंनी विचारलं' असं आहे, तिथे 'मी' असं वाचावं. बापू खाली बघत होते.

जानेवारीत मी त्यांच्या गाळ्यावर गेलो होतो, वही घेऊन. सकाळची वेळ. शैलाताई स्टुलावर बसल्या होत्या. पुढ्यात हाताने फिरवायचं एक लहान यंत्र, मांडीवर तांब्याच्या तारेचं वेटोळं. भिंतीवर निवृत्तींचा फोटो, हार ताजा. मला वाटलं आवराआवर चाललीय.

"बसा सर. चहा सांगते."

"नको, नको. मी फक्त नोंद घ्यायला आलोय. निवृत्तीभाऊंना जाऊन..."

"महिना झाला परवा."

"फार सज्जन माणूस. आमच्या सोसायटीची मोटार त्यांनीच भरली होती. तीन वर्षं झाली, बघायला लागली नाही."

"हो. आठवतीय ती. दीड हॉर्सपॉवरची. हिरवी." त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, मला वाटलं आठवण.

"मग आता पुढे काय?"

"दुकान वाढवायचं म्हणते."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "कठीण असतं." आणि वही मिटली.

घरी येऊन मी ते वाक्य लिहिलं. तीनदा लिहिलं. 'दुकान बंद झाले आहे' हे रुक्ष वाटत होतं. मग त्यांचाच शब्द आठवला. वाढवायचं. कॉलेजातल्या पोरांना हे शब्द आता कळत नाहीत अशी तक्रार मी वर्गात नेहमी करायचो. गिरणी आणि बँडच्या गर्दीत असा एक शब्द छापला जाईल, याचा मला आनंद झाला. चौकटही मीच सुचवली.

फेब्रुवारीत प्रूफ घेऊन गेलो. शैलाताईंनी ते उजेडाकडे धरून वाचलं. ओठ हलत होते. मग पुन्हा वाचलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"निष्णात म्हणजे?"

"पारंगत. हुशार."

"त्यांना असं कोणी कधी म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आणि चौकट पण दिलीत. बाकी कोणाला नाही ना चौकट?"

"नाही. फक्त तुम्हाला."

त्यांनी पदराला हात पुसून सही केली.

शुद्धिपत्र २. जानेवारीतलं संभाषण वर अपुरं आहे. पूर्ण असं वाचावं:

"दुकान वाढवायचं म्हणते. शेठचा शेजारचा गाळा..."

"बरोबर आहे. कठीण असतं."

म्हणजे त्यांचं वाक्य संपलं नव्हतं. मी वही मिटल्यावर त्या गप्प झाल्या. सर घाईत आहेत असं त्यांना वाटलं असेल. शेजारचा गाळा रिकामा होता. तोही घेऊन एका गाळ्यात मोटारी खोलायच्या आणि दुसऱ्यात भरायच्या असं त्यांनी ठरवलं होतं. निवृत्ती मोटार खोलायचे, बसवायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे. तारेची गुंडाळी सोळा वर्षं शैलाताईंची होती, घरी बसून, रोज. जेलरोडवर हे कोणाला माहीत नव्हतं. हिरव्या मोटारीबद्दल त्या बोलल्या, ती आठवण नव्हती. ते त्यांचं काम होतं.

आणि शब्द त्यांना माहीत होता. माझ्याइतकाच. पण दोन महिने त्यांच्या डोक्यात दुकान मोठं करायचं चाललं होतं. प्रुफावर त्यांना स्वतःचाच शब्द परत आलेला दिसला, 'वाढवायचं'चं 'वाढवण्यात आले'. अजून व्हायचं होतं ते सरांनी झालं म्हणून लिहिलंय, शुभेच्छा असावी, असं त्या नंतर म्हणाल्या.

ऑफिसात त्या दिवशी शैलाताईंनी सही बराच वेळ बघितली.

"सही माझीच आहे," त्या म्हणाल्या. "आता काय करायचं?"

"पाच हजार घरांत पट्ट्या चिकटवत फिरायचं का?" बापू म्हणाले. "दिवाळीला नवी काढू. त्यात पहिल्या पानावर टाकतो तुम्हाला."

"दिवाळीला मी त्या गाळ्यात नसेन, बापू."

"मग?"

"पाच हजार घरं राहू द्या. एकच घर करा. सरांनी माझ्याबरोबर शेठकडे यायचं आणि सांगायचं, चूक माझी झाली, बाईचं दुकान चालू आहे. शेठ सरांना मानतो. एवढं केलं तर मी गिऱ्हाईक आणते परत. दारोदार फिरेन."

"जाईल की मास्तर. का हो?" बापूंनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"जाऊ," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. सोनगिऱ्यांचं रंगाचं दुकान गाळ्यांच्याच रांगेत, टोकाला. शेठ डब्यांच्या मागे बसले होते, चष्मा कपाळावर. एक गिऱ्हाईक ब्रशाचे केस बोटाने तपासत उभं होतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील. त्यांनी मला नमस्कार केला.

"या सर," शेठ म्हणाले. "तुम्ही कशाला तसदी घेतलीत? निरोप पाठवायचा."

"सर काय सांगतात ते ऐका, शेठ," शैलाताई म्हणाल्या.

मी म्हणालो, "पुस्तिकेत यांच्या दुकानाबद्दल जे आलंय, त्याचा लोकांनी वेगळा अर्थ घेतला."

"वेगळा कसा? मी पण वाचलं की. वाढवलं म्हणजे वाढवलं. माझ्या बापाने भांड्याचं दुकान वाढवलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आई चुलीपाशी बसून रडत होती. दुकान मोठं झालं म्हणून रडत होती का?"

ब्रशवाले हसले.

"यांना बंद करायचं नव्हतं," मी म्हणालो.

"मग छापलं कोणी?"

"मी."

"म्हणजे तुम्हाला शब्दाचा अर्थ कळला नाही?" शेठने चष्मा डोळ्यांवर आणला. टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "मराठीचे सर तुम्ही. आमचा नातू तुमच्याकडेच येणार जूनला."

ब्रशवाल्यांनी ब्रश खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"शब्द बरोबर होता," मी म्हणालो. "आणि छापायच्या आधी यांना दाखवला होता. यांची सही आहे."

शैलाताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या शेठकडेच बघत होत्या.

"सही केलीस?" शेठने विचारलं.

"केली."

"वाचून?"

"दोनदा वाचलं."

"दोनदा वाचून कळलं नाही. उद्या मी करार पुढे ठेवला तर काय वाचशील तू? कशावर सही करशील?"

"शेठ, मोटारीचं काम मला..."

"काम कोण करतंय ते मला काय दिसतंय? गिऱ्हाईक दिसतं मला. ते नाही. मी वाईट माणूस नाही शैला, तेराव्याला बोललो ते मनापासून बोललो. पण परवा केबलवाला आला होता. दोन्ही गाळे मागतोय. तोही पुस्तकात वाचूनच आला, की इथे आता जागा होणार." शेठने हात पसरले. "तृतीयेपर्यंत राहा. त्याच्या आधी मी कुलूप लावणार नाही."

बाहेर ऊन होतं. शैलाताई आपल्या गाळ्यापर्यंत माझ्याबरोबर आल्या. शटर अर्धं वर होतं. आत फोटोवरचा हार वाळला होता.

"सर," त्या म्हणाल्या, "तुम्ही नुसतं हो म्हणायचं होतं."

"कशाला?"

"शेठने विचारलं ना. अर्थ कळला नाही का म्हणून. हो म्हणायचं. काय गेलं असतं?"



शुद्धिपत्र ३. फेब्रुवारीत, प्रूफ वाचून झाल्यावर, सही करायच्या आधी, हे राहिलं आहे:

"नंबर राहिला की, सर."

"कुठला?"

"फोनचा. दुकानाचा नंबर. बाकीच्यांचा आहे ना?"

"चौकटीत बसत नाही," मी म्हणालो.

बसला असता. वाक्याखाली एक ओळ मोकळी होती. बंद झालेल्या दुकानाचा नंबर कोणी कशाला टाकायला सांगेल? हे मला तेव्हाच कळलं. पूर्ण नाही, पण कळलं. शैलाताई पेन हातात घेऊन माझ्याकडे बघत होत्या आणि एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं, की ताई, तुम्ही दुकान चालू ठेवताय का? मग चौकट काढावी लागली असती. 'कै.' मागे घ्यावं लागलं असतं आणि तिथे 'पाण्याच्या मोटारी भरून मिळतील, फोन अमुक' असं गिरणीसारखं लिहावं लागलं असतं. माझं वाक्य गेलं असतं. ते मला आवडलं होतं. 'पश्चात' आणि 'वाढवण्यात' एका ओळीत नीट बसले होते.

"बरं," शैलाताई म्हणाल्या. "तुम्हाला जास्त कळतं."

एवढंच. बाकी वर आहे तसं.

अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी त्यांनी गाळा रिकामा केला. मी तेव्हा कॉलेजात पेपर तपासत होतो. तपासत होतो हे खरं आहे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या सोसायटीची मोटार जळाली. सोळा घरं, तीन दिवस टँकर. जिन्यात बादल्या आणि भांडणं. स्टेशनकडचा वाइंडिंगवाला आठ दिवसांची तारीख देत होता, सगळ्या जेलरोडच्या मोटारी त्याच्याकडे गेलेल्या. सेक्रेटरी माझ्या दारात आले.

"दोंदेंचं असतं तर चार दिवसांत झालं असतं," ते म्हणाले. "पण ते बंद झालं ना. तुम्हीच छापलंय."

मी मोटार स्कूटरच्या पायाशी ठेवली आणि विचारत विचारत शैलाताईंच्या घरी गेलो. मागच्या आळीत बैठं घर, पुढे ओटा. ओट्यावर ते हाताचं यंत्र भिंतीला ठोकून बसवलेलं. तीन मोटारी खोलून ठेवलेल्या. बोर्ड नव्हता. पत्ता मला भाजीवालीने सांगितला.

शैलाताई तार गुंडाळत होत्या. ओठांत आकडे चालले होते. मला बघून थांबल्या नाहीत. फेरे पुरे केले, तार कापली, टोक वळवून ठेवलं, मग मान वर केली.

"हिरवी," त्या म्हणाल्या.

"हो."

"कोरडी फिरली असणार. बघू." त्यांनी झाकण उघडलं, नाक जवळ नेलं. "पूर्ण गेलीय. पूर्ण भरावी लागेल."

"किती दिवस?"

"चार."

मी म्हणालो, "शैलाताई, त्या दिवशी शेठकडे मी..."

"मोटार तिकडे सावलीत ठेवा," त्या म्हणाल्या.

ठेवली. मला वाटत होतं त्या काहीतरी बोलतील. चिडतील, निदान विचारतील. त्यांनी एक पावतीपुस्तक काढलं. शाळेच्या वहीची पानं कापून, दोरा घालून शिवलेलं.

"आता लिहून घेते मी," त्या म्हणाल्या. "इथे नाव. इथे मोटारीला काय झालंय ते. तुमच्या हाताने लिहा. खाली मी सही करते, की मोटार माझ्याकडे आहे."

मी नाव लिहिलं. खाली लिहिलं: मोटार जळाली.

शैलाताईंनी पान उजेडाकडे धरलं. एकेक अक्षर वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून.

"याचा दुसरा काही अर्थ होतो का, सर?"

"नाही," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पेन हातातच होतं. मग त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "आत्याबाई!"

"काय गं?" आतून म्हातारा आवाज आला. त्यांच्या सासूबाई.

"मोटार जळाली असं लिहिलंय. जळाली म्हणजे आणखी काही म्हणतात का जुन्या लोकांत?"

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. म्हातारी खरंच आठवून बघत होती.

"जळाली म्हंजे जळाली," ती म्हणाली. "त्यात आणखी काय असायचं?"

मग शैलाताईंनी सही केली.